विकणे आहे: दुरुस्त केलेली जुनी शाईपेनं, लवचिक निबची (बडोदा)

दौतवाला · शनिवार, सकाळी ७:४२

मंडळी, पाच पेनं काढतोय. चार वर्षांत जमवली, उघडली, साफ केली, पुन्हा बसवली. पण मी लिहितो त्यातल्या एकानेही नाही, माझी दोन ठरलेली आहेत. ही डबीत पडून राहिली तर आतली रबरी ट्यूब पुन्हा कडक होणार आणि केलेलं सगळं पाण्यात. म्हणून इथे.

पेनांच्या आधी थोडं निबबद्दल. 'फ्लेक्स', म्हणजे लवचिक निब, म्हटलं की लोक पहिलं विचारतात, किती उघडते? दीड मिलिमीटर? दोन? अहो, डालडाच्या डब्याचा पत्राही दाबला की वाकतो. निब मिटते किती चटकन ते बघायचं असतं. खाली येणाऱ्या रेघेला दाब दिला, निबच्या टोकाची दोन पाती फाकली, रेघ जाड झाली. दाब काढला की तिथल्या तिथे पाती एकमेकांना चिकटली पाहिजेत आणि वर जाणारी रेघ केसासारखी निघाली पाहिजे. रेंगाळत मिटणारी निब चार ओळींत हात थकवते. जुन्या निब १४ कॅरेटच्या, म्हणजे साडेअठ्ठावन्न टक्के सोनं, बाकी तांबं-चांदी वगैरे. पण करामत सोन्याची नाही, पत्र्याची आहे. तो लाटून टणक केलेला आणि टोकाकडे पातळ होत गेलेला असायचा, म्हणून स्प्रिंगसारखा परत यायचा. हल्लीच्या बहुतेक सोन्याच्या निब जाड पत्र्याच्या असतात. महाग असतात, एवढंच.

१. वॉटरमन ५२. आकड्यातला पाच म्हणजे खटक्याने (नळीवरची तरफ उचलून) शाई भरायचं, दोन म्हणजे निबचा आकार. काळं एबोनाइट, वर लहरींची नक्षी, विसाच्या दशकातलं. टोपणाचा वरचा भाग कॉफीसारखा तपकिरी पडलाय आणि खिशाच्या आत राहणारा भाग काळा आहे. मालकाचा खिसा कुठपर्यंत यायचा ते रंगावरून कळतं. निब पाचांत सगळ्यात मोकळी. रु. १२,०००.

२. स्वान. लंडनच्या मेबी टॉड कंपनीचं. हेही खटक्याचं. ५२ पेक्षा कमी उघडतं, पण मिटतं असं की टोक कागदावर टिचकी मारतंय असं वाटावं. नळीवर मोडीत तीन अक्षरं कोरलेली आहेत, वापराने पुसट झालेली. रु. ८,५००.

३. कॉनवे स्टुअर्ट, छोटं, हिरव्या-काळ्या संगमरवरी रंगाचं. निब थोडीशीच लवते. हे केसिनचं आहे, म्हणजे दुधातल्या प्रथिनापासून केलेलं प्लास्टिक. पाण्यात बुडवायचं नाही. फुगतं. निब तेवढी धुवायची, नळी कोरडी ठेवायची. रु. ५,०००.

४. ब्लॅकबर्ड. स्वानवाल्यांचंच, स्वस्तातलं. निब ताठ आहे, उगाच लवचिक म्हणून खपवत नाही. लिहितं मात्र गुळगुळीत. रु. २,५००.

५. वॉटरमन ५२½ व्ही. बारीक आणि आखूड, साखळीला अडकवायचं कडं असलेलं. निबला चिरेच्या शेवटी केसाएवढी भेग आहे. हे लिहायला विकत नाही. कोणी दुरुस्ती करत असेल तर सुट्या भागांसाठी घेऊन जा, भाव बोलू.

अट एकच. पहिल्या तीन पेनांसाठी बडोद्याच्या मंडळींनी दांडिया बाजारात घरी येऊन माझ्यासमोर एक पान लिहायचं. बाहेरच्यांनी टाकाने (शाईत बुडवून लिहायच्या पेनाने) लिहिलेल्या पानाचा फोटो व्यनिने (खासगी निरोपाने) पाठवायचा. मग पेन देईन.

---

लीलोचिवडो · शनिवार, सकाळी ८:०५

पहिला! काका, वाखू (वाचनखूण) साठवली. पैसे मात्र साठवलेले नाहीत.

---

रोखठोक_रावपुरा · शनिवार, सकाळी ९:३०

म्हणजे पैसे आम्ही द्यायचे आणि परीक्षाही आम्हीच द्यायची? मंगळबाजारात साडी घेताना आधी नेसून दाखवा असं कोणी म्हटलेलं ऐकलं नाही. विकायचं असेल तर विका, नसेल तर कपाटात ठेवून पूजा करा. उगाच नखरे.

---

दौतवाला · शनिवार, सकाळी १०:१८

रागावू नका, कारण सांगतो.

ही पाच नव्हती, सहा होती. गेल्या दिवाळीत एक पाहुणे आले, बँकेतून निवृत्त झालेले, अगदी भला माणूस. मी कौतुकाने दुसरं एक वॉटरमन हातात दिलं, कागद पुढे सरकवला. त्यांनी कागदाकडे पाहिलंच नाही. निब अंगठ्याच्या नखावर टेकवली आणि दाबली. "वा, काय फाकते हो!" आणि पुन्हा दाबली, या खेपेला जोरात. दुसऱ्यांदा फाकली ती मिटलीच नाही. चिमणीच्या पिल्लाने चोच वासावी तशी राहिली. मी आत जाऊन चहा टाका म्हणून सांगितलं, दुसरं काय करणार.

अशी निब ठोकून सरळ दिसेल इतपत करता येते. परत येण्याची ताकद मात्र एकदा गेली की गेली. शंभर वर्षं कोणीतरी सांभाळलेली वस्तू नखावर दोन सेकंदांत संपली. साडी नेसून फाटली तर दुसरी मिळते.

---

रोखठोक_रावपुरा · शनिवार, सकाळी १०:४०

पाहुण्यांचं ऐकून वाईट वाटलं. नखरे हा शब्द मागे. अट तरीही जाचक आहे.

---

निमा_निवांत · शनिवार, दुपारी १२:१०

'दुरुस्त केलेली' म्हणजे नेमकं काय काय केलंत ते लिहाल का? माझ्याकडे सासऱ्यांचं असंच खटक्याचं पेन आहे. खटका वर येतच नाही. जोर लावावा का?

---

दौतवाला · शनिवार, दुपारी २:३५

निमाताई, अजिबात लावू नका! आत ट्यूब दगड झालेली असणार. खटका तिच्यावर दाबला की तो तरी मोडतो नाहीतर नळीला त्याच्या खाचेपाशी तडा जातो. जुन्या पेनांतली निम्मी मोडतोड 'चालतंय का बघू' यातूनच होते.

स्वानचं सांगतो, म्हणजे कल्पना येईल. ते मला शुक्रवारी बाजारात मिळालं. एका पत्र्याच्या डब्यात, चष्म्याच्या काड्या, घड्याळाचे काटे, टेबलफॅनचं रेग्युलेटर आणि हे. विकणारा म्हणाला, "दोनसो, साहेब, जर्मन छे." मी म्हटलं इंग्लंडचं आहे. तो म्हणाला, "तो अडीसो." त्या दिवसापासून मी तोंड बंद ठेवून घासाघीस करायला शिकलो.

घरी आल्यावर आधी नुसतं कोरड्या फडक्याने पुसलं. मग केस वाळवायचं मशीन लांबून धरून निबकडचा भाग आणि नळी जिथे मिळतात तिथे फिरवत ऊब दिली. बोटांना सोसेल इतकीच. दहा-बारा सेकंद ऊब, मग हलकं वळवून बघायचं, नाही हललं तर पुन्हा. स्वानने पाऊण तास घेतला. एकदम 'चुर्र' आवाज आला, मला वाटलं गेलं, पण तो जुन्या लाखेचा आवाज होता. आतून ट्यूब निघाली ती भाजलेल्या पापडाच्या चुऱ्यासारखी, ओंजळभर काळे तुकडे. त्यात वाळलेली निळी शाई. पाण्याचा थेंब टाकला तर निळी झाली, इतक्या वर्षांनी.

मग नळी आतून झटकून साफ करायची, ट्यूब दाबणाऱ्या पट्टीचा गंज काढायचा. नवी लॅटेक्सची ट्यूब नळीच्या मापाने कापायची, गळ्याच्या बोंडीवर लाख लावून चढवायची. लाख म्हणजे फर्निचर पॉलिशवाल्याकडची चपडा लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. रात्रभर वाळू द्यायची. ट्यूबवर थोडी संगजिऱ्याची पूड, बिनवासाची. तोंडाला लावायची सुगंधी पावडर नको. झटपट चिकटवणारा गोंद तर बिलकूल नको, कारण पुढच्या माणसालाही हे उघडावं लागणार आहे. लाख उबेने सुटते, तो सुटत नाही.

निब आणि तिची जीभ (निबखालचा, शाई पुरवणारा भाग) मी शक्यतो उपसत नाही. गार पाण्याने धुऊन भागलं तर उत्तम.

---

घासूनपुसून · शनिवार, सायं. ६:२०

काका, ५२ चं टोपण तपकिरी म्हणता. काळं करून का नाही घेत? मीच एकदा ऑनलाइन एक जुनं पेन घेतलं होतं, फोटोत शाळिग्रामासारखं काळंभोर. आठ दिवसांत बोटं काळी, शर्टाचा खिसा काळा, आणि पेन गेरू फासल्यासारखं. विकणाऱ्याला लिहिलं तर म्हणाला, तुमच्या हाताला घाम फार येतो.

---

दौतवाला · शनिवार, रात्री ८:०५

त्याने वरून रंग दिला असणार. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून शिजवलेलं रबर. ऊन आणि ओल लागली की पृष्ठभागातलं गंधक सुटतं आणि काळ्याचं तपकिरी होतं. हे पेन पाण्यात भिजत घातलं की काही तासांत शेवाळी होऊन बाहेर येतं. गरम पाण्यात तर त्याहून लवकर. बोटाने चोळून वास घ्या, फटाक्यांचा वास येतो तोच.

घासून पुन्हा काळं करता येतं. पण मग नक्षीही जाते, वॉटरमनचा ठसाही जातो आणि स्वानवरची अक्षरं तर जातीलच. मी हात लावला नाही.

---

घासूनपुसून · शनिवार, रात्री ८:३०

तरी पटत नाही. आमच्या आजीचा तांब्याचा बंब होता, दर शनिवारी चिंचेने लख्ख घासायची. त्याला 'जुनेपणाची शोभा' म्हणून काळा ठेवला असता तर आजीने घराबाहेर काढलं असतं. वस्तू वापरात असली की ती घासली जाते. पेन वापरात आणायचं आणि मळकं ठेवायचं, हे काही जुळत नाही.

---

निमा_निवांत · शनिवार, रात्री ९:०२

बंबाला नक्षी नव्हती ना पण.

---

घासूनपुसून · शनिवार, रात्री ९:०५

होती. घासून गेली.

---

दौतवाला · शनिवार, रात्री ९:४०

:) मुद्दा पोचला. हलक्या हाताने पॉलिश करून जरा सावळं करता येईल, खोल न जाता. घेणाऱ्याला तसं हवं असेल तर मी करून देईन. माझ्या स्वतःच्या पेनाला नाही करणार.

---

बोरूबहाद्दर · रविवार, सकाळी ७:१५

धाग्यात जरा उशिरा आलो. एक सावधगिरीचा शब्द, कारण इथले पाच-सात जण माझ्याकडे मोडी गिरवायला येतात आणि कालपासून तिघांनी हाच धागा पाठवलाय: "सर, घेऊ का?"

मोडीसाठी आणि वळणदार देवनागरीसाठी घेत असाल तर आधी विचार करा. आपल्या अक्षराची जाडी-बारकाई बोरूतून आली आहे. बोरूचं टोक तिरकं कापलेलं, रुंद. रेघ कुठल्या दिशेला जाते त्यावर ती जाड की बारीक ते ठरतं. दाबाचा तिथे संबंध नाही, बोरू दाबला तर फुटतो. लवचिक निबचं उलट आहे. ती टोकाला सुईसारखी, आणि फक्त खाली ओढताना दाबल्यावर फाकते. आडवी ओढली तर फाकत नाही, वर ढकलली तर कागदात रुतते.

आता देवनागरीचा 'क' काढून बघा. काना येतो पेन्सिलीएवढा जाड, शिरोरेघ येते कोळ्याच्या जाळ्यासारखी. शंभर वर्षांपूर्वीचं कुठलंही बोरूचं दप्तर उघडा, शिरोरेघ ठसठशीत दिसेल. मोडीत तर रेघ आधीच पानभर ओढून घेतात आणि अक्षरं तिला टांगतात. ती रेघच हडकुळी असेल तर खाली टांगलेलं सगळं लोंबतं. हा निबचा दोष नाही. ती इंग्रजी कॉपरप्लेट, स्पेन्सेरियन अशा तिरप्या वळणांसाठी घडलेली आहे. तिथे ती राणी आहे.

---

मोडी_गिरवते · रविवार, सकाळी ७:५०

सर, त्या तिघांतली एक मी. :( पण मग बडोद्याच्या कचेरीतली शेवटच्या काळातली मोडी कागदपत्रं तुम्ही दाखवली होतीत ती? त्यात तर बारीक-जाड असं वेगळंच दिसत होतं.

---

बोरूबहाद्दर · रविवार, सकाळी ८:३०

बरोबर पकडलंस. ती टाकाने लिहिलेली आहेत. पोलादी निबचा टाक आला आणि कारकुनांनी बोरू खाली ठेवला, तेव्हा अक्षर बदललं. काने जाड, बाकी सगळं तारेसारखं, आणि घाई. ते वाचायला जास्त त्रास होतो हेही खरं. तुला तसं, शेवटच्या पिढीतल्या कारकुनाचं अक्षर हवं असेल तर लवचिक निब चुकीची नाही. मी शिकवतो ते त्याच्या आधीचं.

दौतवाले, स्वानवरची तीन अक्षरं कोणती?

---

दौतवाला · रविवार, सकाळी ९:१०

फोटो टाकतोय, तिरपा उजेड पाडून काढलाय. मला पहिलं 'ग' वाटतं, तिसरं 'क'. मधलं लागत नाही.

---

बोरूबहाद्दर · रविवार, सकाळी ९:४५

पहिलं 'ग' नाही, 'रा' असावं. कोरणाऱ्याला मोडी येत नव्हती, कोणीतरी कागदावर काढून दिलेलं त्याने उतरवलंय, म्हणून वळणं उलटीकडून सुरू झालीत. मधलं मलाही लागत नाही.

---

मोडी_गिरवते · रविवार, सकाळी ९:५८

मला तिन्ही वेगळी वाटतात पण मी गप्प बसते.

---

सदाशिव_पेठी · रविवार, सकाळी ११:००

बडोदेकरांचा धागा वाचून कान तृप्त झाले. फक्त गुजराती वळणाचं 'हे पेन मला फावतं' (जमतं) असं अजून कोणी म्हटलं नाही, म्हणून चुकल्यासारखं वाटतंय.

---

लीलोचिवडो · रविवार, सकाळी ११:०४

आम्हाला सगळंच फावतं. पुण्याला कुरिअर करणं तेवढं नाही फावत.

---

सदाशिव_पेठी · रविवार, सकाळी ११:३०

:D बरं, कामाचा प्रश्न. मी स्टीलच्या फ्लेक्स निबचं एक नवं पेन वापरतो. दाबलं की रेघ मधूनच फाटते आणि दोन समांतर रेघा उरतात. शाई कमी पडते का?

---

दौतवाला · रविवार, दुपारी १२:१५

हो, पाती फाकतात त्या वेगाने जीभ शाई पुरवू शकत नाही, मधला पडदा तुटतो. आमच्याकडे म्हणायचं तर डभोईची जुनी नॅरोगेज रेल्वे होते, नुसते दोन रूळ. दोन उपाय: हात सावकाश, आणि दाब निम्मा. जुन्या पेनांत एबोनाइटची जीभ असते, शाई तिला धरून राहते, म्हणून ती जास्त निभावून नेतात. तरीही पूर्ण फाकवून भरभर लिहिलं तर ५२ सुद्धा रूळ टाकेल. लिहिताना मी निबची अर्धी ताकदही वापरत नाही.

आणि पेन घेण्याआधी टाक घ्या हे मी सगळ्यांना सांगतो. टाकाला लागणारी टोकदार पोलादी निब शंभर रुपयांच्या आत मिळते. बिघडली तर फेकली. हात त्यावर बसवायचा, सोन्यावर नाही.

---

डॉ_घसीट · रविवार, रात्री १०:२०

ओपीडीत दिवसाला साठ-सत्तर चिठ्ठ्या लिहितो. पाचांतलं कुठलं? बायको म्हणते ५२ घे, रुबाबदार दिसतं.

---

दौतवाला · सोमवार, सकाळी ६:५५

डॉक्टर, ब्लॅकबर्ड. डोळे झाकून. त्या चिठ्ठीच्या पातळ कागदावर लवचिक निब शाई ओतेल, ती फुटेल आणि गोळीचं नावच वाचता येणार नाही. शिवाय चिठ्ठीखाली कार्बन ठेवून दाबत असाल तर ५२ चं आयुष्य एक आठवडा. ब्लॅकबर्डला परीक्षा नाही, कधीही या.

वहिनींना सांगा, रुबाब टोपणात असतो आणि तो ब्लॅकबर्डलाही आहे.

---

जुनाट · सोमवार, सकाळी ९:१२

वडिलांचं पार्कर ५१ आहे. निब जवळजवळ पूर्ण झाकलेली. दाबून पाहिलं, जरासुद्धा फाकली नाही. खराब झाली का?

---

दौतवाला · सोमवार, सकाळी ९:५०

नाही हो, ती तशीच असते. ५१ हे १९४१ चं डिझाइन, झाकलेली ताठ निब, भरभर लिहायला. तोवर लोकांच्या लिहिण्याची पद्धतच बदलली होती, वळणापेक्षा वेग. दाबून बघणं मात्र आजपासून बंद. वडील ज्या शाईने लिहायचे तीच भरा आणि लिहा.

---

जुनाट · सोमवार, सकाळी १०:०१

कॅम्लिनची रॉयल ब्लू.

---

दौतवाला · सोमवार, सकाळी १०:२०

उत्तम. शाईचा विषय निघालाच आहे तर सगळ्यांसाठी: पाण्याने धुतली जाणारी साधी निळी शाई जुन्या पेनाला सगळ्यात मानवते. ड्रॉइंगची, वॉटरप्रूफ, चमचम करणारी, कुठलीच नको. मोडीवाल्यांनी खास लक्षात ठेवा, काजळ-डिंकाची शाई बोरूसाठी आहे. पेनात भरली तर जीभ लिंपून बसेल. आणि हिरडा-हिराकशीची शाई आंबट असते, ट्यूबमधून झिरपली तर पट्टी आणि खटका गंजवते.

दुसरं, आपला उन्हाळा. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत पेन ठेवून मांडवीला भाजी आणायला गेलात तर परत आल्यावर पेन आणि शाई वेगवेगळी मिळतील. आतली हवा तापते, फुगते आणि शाई बाहेर ढकलते. एबोनाइट तपकिरी पडतं ते वेगळंच.

---

लीलोचिवडो · सोमवार, दुपारी ४:४४

ते वॉटरमनच्या मालकाच्या करारनाम्यावर शाई सांडली म्हणून त्याने पेन शोधलं, ती गोष्ट खरी का काका?

---

दौतवाला · सोमवार, सायं. ५:३०

पेटंट १८८४ चं, एवढं पक्कं. बाकी गोष्ट जाहिरातीला फार सोयीची आहे. शाईच्या वाटेत हवा परत आत जाईल अशा बारीक खाचा त्याने दिल्या आणि धार एकसारखी झाली, हे खरं काम. विमा एजंट होता तो. एजंटाला गोष्ट सांगता येणारच.

---

मोडी_गिरवते · बुधवार, रात्री ९:३५

आज संध्याकाळी दांडिया बाजारात जाऊन आले, म्हणून लिहिते. काकांनी आधी टाक दिला, मग स्वान. टाकाने माझं बरं आलं, स्वानने पहिल्या तीन ओळी भीतीनेच गेल्या, रेघ फाकेच ना. काका काही बोलले नाहीत, काकूंनी चिवडा आणला. मग मी माझं नाव सोडून भाजीची यादी लिहायला घेतली आणि एकदम जमलं. 'मेथी' मधला 'म' चा काना उतरताना निब उघडली आणि वरच्या मात्रेला जाताना इतकी बारीक झाली की मी थांबून बघतच बसले. टिचकी म्हणतात ती कळली.

पण घेतलं नाही. सरांचं बरोबर आहे, मला बोरूचं वळण आधी हवं. काका म्हणाले दिवाळीपर्यंत ठेवतो, नाही घेतलंस तर विकेन.

---

बोरूबहाद्दर · बुधवार, रात्री १०:०२

शाब्बास. उद्या ये, बोरू कापायला शिकवतो.

---

दौतवाला · शुक्रवार, सकाळी ८:००

थोडक्यात खबर. ५२ वापीच्या एका सदस्यांना गेलं. त्यांच्या कॉपरप्लेटच्या पानाचा फोटो पाहून मीच ओशाळलो, माझ्यापेक्षा चांगला हात. टोपण तपकिरीच हवं म्हणाले. ब्लॅकबर्ड डॉक्टरांना. भेगवालं ५२½ व्ही सुरतेच्या एकांना भागांसाठी दिलं. स्वान दिवाळीपर्यंत राखून ठेवलंय.

आणि कॉनवे स्टुअर्ट श्री. रोखठोक यांना! काल आले, न बोलता पान लिहिलं, अक्षर सुरेख. पैसे मोजून दिले, वर म्हणाले, "अट जाचकच आहे."

---

रोखठोक_रावपुरा · शुक्रवार, सकाळी ८:२०

आहेच. पेन मात्र झकास.

---

रोखठोक_रावपुरा · रविवार, सकाळी ६:१०

दौतवाले, जागे आहात का? घोटाळा झालाय. काल रात्री शाई बदलायची म्हणून पेन वाटीत पाण्यात घातलं आणि झोपलो. आत्ता बघतो तर नळी मऊ लागतेय, खटका हलत नाही आणि हिरवा रंग पांढरट दिसतोय. पंख्याखाली ठेवू का? की गच्चीवर उन्हात?

---

रोखठोक_रावपुरा · रविवार, सकाळी ६:११

प्रतिसाद दोनदा आला म्हणून काढून टाकला आहे.

---

रोखठोक_रावपुरा · रविवार, सकाळी ६:१४

होय, पाण्यात बुडवायचं नाही हे वाचलं होतं. स्पष्ट लिहिलेलं होतं. ते सध्या बोलू नका.

---

दौतवाला · रविवार, सकाळी ६:२२

नाही बोलत. पंखा नको, ऊन तर मुळीच नको. भरभर वाळलं की तडकतं. टिपकागदावर आडवं ठेवा, टोपण काढून बाजूला, खटक्याला हात लावू नका. वर एक सुती रुमाल. तीन-चार दिवस तसंच राहू द्या, मग घेऊन या. निबला काही झालेलं नाही, तेवढं बघून घ्या आणि चहा प्या.